काटकसरीचे गिगाहर्ट्झ

कमी किमतीचा प्रोसेसर विकत घ्यायचा आणि त्याच्याकडून जास्त किमतीच्या प्रोसेसरचे काम करवून घ्यायचे, या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि तो करणारा मनुष्य स्वतःस काटकसरी समजतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील सर्व आकडेमोड करणारी मुख्य चिप. ती एका ठरावीक ठोक्यावर चालते आणि हा ठोका दोन आकड्यांच्या गुणाकारातून निघतो: एक आकडा मदरबोर्डाकडून मिळणाऱ्या मूळ ठोक्याचा, ज्यास बेस क्लॉक म्हणतात, आणि दुसरा प्रोसेसरमध्ये ठरवून दिलेल्या गुणकाचा, ज्यास मल्टिप्लायर म्हणतात. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३२ असेल, तर प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोक्यांवर चालतो. हा गुणाकार कंपनीने कारखान्यात आधीच करून दिलेला असतो. तो घरी पुन्हा करून पाहावा आणि उत्तर कंपनीपेक्षा मोठे यावे, एवढीच ओव्हरक्लॉकरची माफक अपेक्षा असते.

नवा आणि महागडा प्रोसेसर घेऊन त्याचा वेग वाढवणाऱ्यांचाही एक वर्ग आहे, परंतु जाणकारांच्या वर्तुळात त्यास फारशी प्रतिष्ठा नाही, कारण ज्याने मुळातच पैसे मोजले त्याने वेग मिळवला यात पराक्रम तो कोणता? खरी प्रतिष्ठा आहे ती चार-पाच वर्षे जुना, तेव्हाही स्वस्तच असलेला प्रोसेसर आणि त्याला साजेसा जुना मदरबोर्ड हुडकून काढणाऱ्यास. अशा माणसाला बचत करायची नसते. आपण बचत केली हे दुसऱ्याला सांगायचे असते, आणि ऐकणारा भेटेपर्यंत तो खर्च करीत राहतो.

या वृत्तीस भक्कम परंपरा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा होता, म्हणून तो ३०० मेगाहर्ट्झवर चालत असे. परंतु मदरबोर्डावर मूळ ठोका १०० केला की बहुतेक वेळा तोच निमूटपणे ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे आणि त्याच महिन्यात आलेल्या, कितीतरी महाग अशा ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम टूशी बरोबरी करी. ज्या बोर्डांवर ही सोय नव्हती त्यांच्यासाठी प्रोसेसरच्या कार्डावरील बी२१ हा एकच संपर्कबिंदू चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकण्याची युक्ती निघाली. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन प्रोसेसरांच्या पृष्ठभागावरील तुटक सांधे शिसपेन्सिलीने जोडले की गुणकाचे कुलूप उघडते असा शोध लागला, कारण पेन्सिलीतील ग्रॅफाइट वीजवाहक असते. चिकटपट्टी आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर बहुराष्ट्रीय कंपनीला चकवता येते, हा अनुभव ज्या पिढीला ऐन उमेदीत आला, ती पुढे आयुष्यभर कशाचीही छापील किंमत मोजण्यास नालायक ठरली.

कंपनी एखादी चांगली वस्तू स्वस्तात का विकते, याचे उत्तर प्रतवारीत आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप एकदम तयार होतात आणि नंतर तपासणी करून त्यांची प्रत ठरते. एकाच बागेतला हापूस पेटी भरताना आकार आणि डाग पाहून वेगवेगळ्या भावाला लागतो, तसाच हा प्रकार असतो, आणि स्वस्त पेटीला मागणी वाढली की चांगले फळही नाइलाजाने तिच्यात जाते. ओव्हरक्लॉकरची सारी श्रद्धा या नाइलाजावर उभी असते. आपल्या वाट्यास आलेली चिप ही चुकून स्वस्तात आलेली उत्तम चिप आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते, आणि या नशिबाच्या खेळास ‘सिलिकॉन लॉटरी’ म्हणतात. २००९ मध्ये एएमडीच्या दोन कोरांच्या फिनॉम टू प्रोसेसरांत तर चार कोरांपैकी दोन बंद करून ठेवलेले असत आणि ठरावीक मदरबोर्डांवर ते उघडता येत. (कोर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा एकेक विभाग.) बंद कोर निरोगी निघाला तर दोनाच्या भावात चार मिळत; तो खरोखरच आजारी निघाला, तर संगणक चार कोरांनिशी ऐटीत सुरू होऊन, चौथ्याचे गणित इतरांशी न जुळल्यामुळे, भर कामात मान टाकत असे. तरीही मालक तीन दिवस सर्वांना ‘चार कोर’ असेच सांगत फिरे.

कंपन्यांच्या हे लक्षात येणे अटळ होते. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने मूळ ठोक्याला इतर सर्व जोडण्यांच्या ठोक्यांशी असे बांधून टाकले की तो चार-पाच टक्क्यांपलीकडे वाढवला की संगणकच बिथरावा. आणि गुणक मोकळा ठेवला तो फक्त नावामागे ‘के’ लावलेल्या महाग प्रोसेसरांत. चिकटपट्टी आणि पेन्सिल एका फटक्यात कालबाह्य झाल्या. मग २०१४ मध्ये, पेन्टियम या नावाच्या विसाव्या वर्षानिमित्त, त्याच कंपनीने पेन्टियम जी३२५८ हा मोकळ्या गुणकाचा प्रोसेसर अवघ्या ७२ डॉलर किमतीस काढला. दोन कोर, ३.२ गिगाहर्ट्झ आणि पुष्कळ चिपांत ४.२ ते ४.५ पर्यंत चढण्याची ताकद, असे त्याचे स्वरूप होते. ज्या कंपनीला चकवण्यात आनंद होता तिनेच चकवण्याचा परवाना वाढदिवसाची भेट म्हणून वाटला, तेव्हा काही निष्ठावंतांना वाईट वाटले. परंतु त्यांनीही तो घेतला.

या टप्प्यावर निवडीचा मुख्य प्रश्न उभा राहतो आणि तो सोडवण्याची पद्धत सर्वत्र एकच आढळते. गृहस्थ प्रोसेसरवर महिनाभर संशोधन करतो, त्याच्या बॅचचे क्रमांक पाठ करतो, कोणत्या व्होल्टेजला तो कितीपर्यंत चढतो याची टिपणे काढतो आणि मग मदरबोर्ड मात्र उरलेल्या पैशांत जो बसेल तो घेतो. वस्तुतः वेग वाढवू द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बोर्डावरील चिपसेट नावाच्या चिपकडे आणि बायोसकडे असतो. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी, बोर्डातच साठवलेली आज्ञावली. इंटेलच्या त्या काळातील झेड९७ सारख्या महाग चिपसेटवर गुणक वाढवण्याची अधिकृत मुभा होती, एच८१ सारख्या स्वस्त चिपसेटवर ती नव्हती, परंतु बोर्ड बनवणाऱ्या अनेकांनी बायोसच्या नव्या आवृत्तीतून ती मागल्या दाराने देऊन टाकली. एएमडीच्या रायझन घराण्यात २०१७ पासून जवळपास सर्वच प्रोसेसरांचे गुणक मोकळे आहेत, पण स्वस्तातल्या ए३२० चिपसेटवर तो वाढवता येत नाही आणि बी३५० वर येतो. एवढा एक अक्षर-आकड्यांचा फरक न पाहता बोर्ड आणणारा गृहस्थ बायोसमध्ये गुणकाची ओळ शोधत बसतो आणि ती न सापडल्यास दोष आपल्या चष्म्याला देतो.

जुन्या एच८१ बोर्डाबाबत आणखी एक तिढा असतो. बोर्ड प्रोसेसरपेक्षा आधीच्या काळातला असेल, तर काही वेळा त्याचा बायोस जी३२५८ सारख्या नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. ओळख पटावी म्हणून बायोस अद्ययावत करावा लागतो; बायोस अद्ययावत करण्यासाठी संगणक सुरू व्हावा लागतो; आणि संगणक सुरू होण्यासाठी बायोसला ओळखीचा असा दुसरा प्रोसेसर लागतो. तेव्हा गृहस्थ त्या जातीचा प्रोसेसर बाळगून असलेल्या मित्राकडे जातो.

‘तासाभरासाठी तुझा प्रोसेसर दे.’

‘आणि माझा संगणक?’

‘तो तासभर बंद राहील. तेवढीच विजेची बचत.’

यानंतर त्या मित्राचा संगणकही उघडला जातो, सॉकेटात बसवताना एखादी पिन वाकते (या जातीच्या सॉकेटात केसाएवढ्या ११५० पिना असतात आणि त्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नव्हे), ती शिवणाच्या सुईने आणि भिंगाने सरळ केली जाते, आणि मैत्री जरी टिकली तरी त्या घरी पुढे चहा मिळत नाही.

बोर्डाचे दुसरे महत्त्वाचे अंग म्हणजे व्हीआरएम, अर्थात एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, आलेल्या १२ व्होल्टच्या विजेचे प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-एक व्होल्टमध्ये रूपांतर करणारे मंडळ. प्रोसेसर जितकी जास्त वीज ओढेल तितके हे मंडळ तापते, म्हणून चांगल्या बोर्डांवर त्याला अनेक शाखा आणि वरून ॲल्युमिनियमचे हीटसिंक असतात, तर स्वस्त बोर्डांवर शाखा मोजक्याच असतात आणि हीटसिंकच्या जागी कंपनीचे नाव छापलेले असते. एएमडीचा एफएक्स-८३५० हा २०१२ चा आठ कोरांचा प्रोसेसर मुळातच १२५ वॉटचा होता. तो चार शाखांच्या उघड्या बोर्डावर बसवून वर वेग वाढवला की व्हीआरएम तापे, बोर्ड स्वसंरक्षणार्थ प्रोसेसरचा वेग खाली आणी आणि परिणामी वेग वाढवलेला संगणक वेग न वाढवलेल्या संगणकापेक्षा हळू चाले. विज्ञानात असे निष्कर्ष फार मोलाचे मानले जातात. घरात तसे होत नाही.

जुना बोर्ड शोधण्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. महापालिकेच्या लेखी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेला हा ग्रँट रोड स्थानकाजवळचा रस्ता इलेक्ट्रॉनिक मालासाठी प्रसिद्ध आहे. तेथे गेल्यावर अर्थशास्त्राचा एक विलक्षण नियम समजतो: प्रोसेसर जुना झाला की स्वस्त होतो आणि त्याचा बोर्ड जुना झाला की महाग होतो. कारण साधे आहे. प्रोसेसर सहसा मरत नाही. बोर्डावरील कॅपॅसिटर फुगतात, सॉकेट खराब होतात आणि कंपनी नवे बोर्ड बनवणे थांबवते. मोठ्या सर्व्हरांतून निवृत्त झालेले २०१० चे सहा कोरांचे झिऑन एक्स५६५० प्रोसेसर जगभरच्या बाजारात मातीमोल भावाने आले, परंतु त्यांचा वेग वाढवू शकणारा एक्स५८ चिपसेटचा बोर्ड मिळवायचा तर तो प्रोसेसरच्या कित्येक पट किमतीला पडे. स्वस्त प्रोसेसर हाती आल्यामुळे महाग बोर्ड घेणे भाग पडले, हा खुलासा गृहस्थ घरी अनेक प्रकारे मांडून पाहतो.

दुकानातील संवाद थोडक्यात होतो.

‘बोर्ड चालू आहे ना?’

‘एकदम चालू, साहेब. कालच मशीनमधून काढला.’

‘मशीनमधून का काढला?’

‘चालू होता म्हणून काढला. बंद असता तर कोण काढणार?’

‘वॉरंटी?’

‘चेकिंग वॉरंटी. इथे चेक करा, घेऊन जा.’

या युक्तिवादात खोट काढणे तर्कशास्त्राच्या पदवीधरासही जमत नाही आणि बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला जातो.

यापुढील खर्च भौतिकशास्त्राच्या नियमाने होतो. प्रोसेसरच्या सततच्या स्विचिंगमध्ये खर्च होणारी वीज ही ठोक्याच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका पाव हिस्स्याने वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज एक दशांशाने वाढवले, तर विजेचा वापर सुमारे दीडपट होतो आणि ती सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून प्रोसेसरसोबत फुकट मिळालेला कूलर अडगळीत जाऊन मोठा कूलर येतो. तो जुन्या कॅबिनेटमध्ये मावत नाही म्हणून कॅबिनेट येते. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, ज्याच्या अंगावर ४५० वॉट असे छापलेले असते, तो प्रत्यक्षात त्या आकड्याच्या जवळपासही टिकत नाही म्हणून चांगल्या कंपनीचा एसएमपीएस येतो. आणि जुना यूपीएस वाढलेला भार सहन न होऊन रात्रीबेरात्री किंचाळू लागतो म्हणून तोही बदलला जातो. प्रत्येक वस्तू आणताना गृहस्थ हिशेब सांगतो की मूळ प्रोसेसरवर किती वाचले, आणि ती वाचलेली रक्कम तो प्रत्येक वेळी पूर्णच्या पूर्ण मोजतो. घरचा जमाखर्च पाहणारी पत्नी बँकेत नोकरीस असल्यास हे संभाषण लवकर संपते.

‘म्हणजे एकच ठेव पाच वेळा मोडली.’

‘तसं नाही गं. ही गुंतवणूक आहे.’

‘मुदत किती?’

या प्रश्नाचे उत्तर स्टॅबिलिटी टेस्ट नावाच्या परीक्षेवर अवलंबून असते. वेग वाढवलेला प्रोसेसर दिसायला चालू असला तरी आकडेमोडीत चुकू शकतो, म्हणून त्यास तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालवून पाहतात. यासाठी प्राइम९५ ही आज्ञावली प्रसिद्ध आहे. ती मुळात मर्सेन जातीच्या प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक प्रकल्पासाठी लिहिलेली असून तिच्यातील छळ-परीक्षा प्रोसेसरकडून अशी गणिते करवून घेते की ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत. शाळा सुटल्यापासून ज्या घरात मूळ संख्येचे नावही निघालेले नाही, त्या घरात अशा रीतीने रात्रभर पंखे गरगरत राहतात आणि पहाटे गृहस्थ उठून, ठाऊक असलेली उत्तरे ठाऊक होती तशीच आली याबद्दल समाधान व्यक्त करतो. उत्तर चुकले किंवा पडदा निळा झाला तर व्होल्टेज थोडे वाढवतात; व्होल्टेज वाढवले की तापमान वाढते; तापमान वाढले की वेग कमी करतात; आणि वेग कमी केल्याचे दुःख असह्य झाले की पुन्हा व्होल्टेज वाढवतात. फारच चढवल्यास संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी बोर्डावरील सीएमओएसची गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली की बायोस सर्व काही विसरून मूळ पदावर येतो. ही सोय मालकासाठीही असती तर पुष्कळ घरांत शांतता नांदली असती.

तापमानाच्या बाबतीत भूगोलही आड येतो. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही, आणि परदेशी परीक्षणांतले आकडे बावीस-तेवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेले असतात. नागपुरात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तेच यंत्र त्याच वेगावर त्याच कूलरसह वीसेक अंशांनी अधिक तापते आणि शंभरीच्या आसपास प्रोसेसर आपण होऊन काम मंद करतो. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स-८१५० या प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झचा विक्रम केला तो द्रव हेलियमच्या मदतीने. विदर्भात ती जागा कॅबिनेटचे एक दार काढून समोर लावलेला टेबलफॅन घेतो. घरात फॅन एकच असेल तर तात्त्विक प्रश्न उद्भवतात.

‘अरे, मला उकडतंय. फॅन इकडे फिरव.’

‘आई, पाचच मिनिटं. टेस्ट चालू आहे.’

‘माझीही चालूच आहे.’

इतक्या सायासांनंतर जी३२५८ एकदाचा ४.४ गिगाहर्ट्झवर स्थिर होतो, त्या आकड्याचे छायाचित्र नातेवाइकांस पाठवले जाते आणि विजयोत्सवासाठी नवा खेळ आणला जातो. २०१४ अखेर आलेला ‘फार क्राय ४’ हा खेळ दोन कोर आणि दोनच थ्रेड (म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नसे. ठोका कितीही वाढवला तरी कोरांची संख्या वाढत नाही, ही गोष्ट त्या दिवशी अनेकांना प्रथमच भिडली. ज्यांना खेळात रस नव्हता आणि ज्यांनी केवळ घरचा संगणक मंद आहे म्हणून हा यज्ञ मांडला होता, त्यांची निराशा निराळी होती. संगणक सुरू होण्यास तेवढाच वेळ लागे, कागदपत्रांची फाइल उघडण्यासही तेवढाच लागे, कारण दोष प्रोसेसरचा कधी नव्हताच. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क माहिती काढून देईपर्यंत तो बिचारा पूर्वी ३.२ गिगाहर्ट्झवर वाट पाहत असे आणि आता ४.४ वर वाट पाहत होता. हार्डडिस्कच्या जागी एक साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, बसवली असती तर काम अर्ध्या तासात झाले असते, मात्र त्यात छायाचित्र काढून पाठवण्यासारखे काही नव्हते.

या विषयातील व्यवहार्य निष्कर्ष म्हणून एवढेच नमूद करता येईल की, ज्यास संगणक वेगवान हवा आहे त्याने सर्व खर्चाची बेरीज आधीच करून त्या रकमेत एक पायरी वरचा प्रोसेसर घ्यावा आणि तो कंपनीने दिला तसा चालवावा. ज्यास ओव्हरक्लॉकिंगच करायचे आहे त्याने आधी बोर्ड पाहावा: त्याचा चिपसेट गुणकाला हात लावू देतो का, व्हीआरएमवर हीटसिंक आहे का आणि बायोस त्या प्रोसेसरला ओळखतो का. प्रोसेसर जुना घेतला तरी चालेल, बोर्ड जुना घेताना तो समोर चालवून घ्यावा, आणि एसएमपीएसमध्ये काटकसर कधीही करू नये. हा सारा खर्च घरच्या वहीत ‘बचत’ या सदराखाली न मांडता ‘करमणूक’ या सदराखाली मांडावा. रक्कम तीच राहते, पण हिशेब जुळतो.